पेकोचा ट्रॅक घासायचा रबर: पंचावन्न वर्षं जुन्या गंजलेल्या रुळांवर चार महिने वापरून

पहिलंच सांगून टाकते, रबर चांगला आहे, घ्यायचा असेल तर बिनधास्त घ्या. पण नुसता रबर आणला की माळ्यावरचे खेळण्यातल्या इलेक्ट्रिक आगगाडीचे जुने रूळ लगेच चालू झाले असं होत नाही, आणि ते न कळल्यामुळे माझा पहिला दीड महिना गेला, म्हणून हा रिव्ह्यू एवढा लांबलाय. ज्यांच्या घरात हॉर्नबी, ट्रायँग, लिमा असल्या कंपन्यांची जुनी मॉडेल गाडी पडून आहे आणि गंजलंय म्हणून भंगारात घालायच्या विचारात आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी रूळ कुठले ते. माझे थोरले काका, अण्णाकाका, बोटीवर होते. १९६९ साली लिव्हरपूलहून येताना त्यांनी ट्रायँग-हॉर्नबीचा इलेक्ट्रिक ट्रेनचा सेट आणला, जिंटी म्हणतात ते सहा चाकांचं काळं टँक इंजिन, दोन डबे, चार वाघिणी, आणि पुढच्या दोन-तीन खेपांना थोडे थोडे करून जास्तीचे रूळ. आमचं घर रत्नागिरीचं. रत्नागिरीत खरी रेल्वे आली ती नव्वदच्या दशकात, कोकण रेल्वे झाली तेव्हा, तोवर आम्हा भावंडांना आगगाडी माहीत होती ती माडीवरच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी हीच. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी सगळे झोपले की अण्णाकाका खोकं काढायचे आणि रूळ जोडायचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझी बोटं बारीक होती. नंतर मुलं मोठी झाली, पांगली, आणि सेट लोखंडी ट्रंकेत घालून माळ्यावर गेला तो गेलाच. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं अशी हवा, तिथे लोखंडाची काय गत होणार. मागच्या गणपतीत घर आवरताना ट्रंक उघडली तर खोक्याचा पुठ्ठा हातात येत होता आणि रूळ सगळे तपकिरी, काही ठिकाणी तर हात लावला की बोटांना गंजाची पूड लागत होती. एकूण ४६ तुकडे आणि चार सांधे. (पॉइंटला, म्हणजे एका वाटेचे दोन फाटे होतात त्या तुकड्याला, आम्ही सांधाच म्हणायचो, गाडी सांधा बदलते तसा.) ते सगळं उचलून ठाण्याला आणलं.

आता एक गोष्ट जी मला आधी कोणीतरी सांगायला हवी होती. रूळ कुठल्या धातूचे आहेत ते बघितल्याशिवाय त्यांना काहीही लावू नका. फ्रीजवर चिकटवायचा लोहचुंबक असतो ना, तो रुळाला लावून बघा. चिकटला तर रूळ पोलादाचे, म्हणजे गंजणारे. नाही चिकटला आणि रंग पिवळसर असेल तर पितळ. नाही चिकटला आणि रंग पांढुरका असेल तर निकल सिल्व्हर, म्हणजे आपण जिला जर्मन सिल्व्हर म्हणतो तीच, तांबं, निकल आणि जस्त, चांदीचा त्यात कणसुद्धा नसतो. जर्मन सिल्व्हरचे रूळ गंजत नाहीत, नुसते मळतात. पितळेचे काळे पडतात, आणि इंजिनाला करंट रुळांतूनच मिळतो, तो हा काळा थर नीट जाऊ देत नाही म्हणून परत परत घासावे लागतात. पोलादाचे सगळ्यात नाजूक प्रकरण. ट्रायँगचे त्या काळातले रूळ, ज्याला सुपर फोर म्हणतात, ते पोलादाचे. इंग्लंडात बहुतेक घरं कोरडी आणि गरम ठेवलेली असतात, तिथे हे रूळ आजही लोकांकडे बऱ्या अवस्थेत आहेत, आमच्याकडे चाळीस पावसाळे खाल्लेत त्यांनी.

थोडा इतिहास, कारण जुना माल विकत घेणाऱ्यांना याचा उपयोग होतो. हॉर्नबी हे नाव लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं, आणि ट्रायँग हे लाइन्स ब्रदर्स या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीचं. १९६४ ला लाइन्स ब्रदर्सनी मेकॅनो घेतली, मग दोन्ही नावं जोडून ट्रायँग-हॉर्नबी झालं, माल मार्गेटच्या कारखान्यात बनायचा, आणि १९७१ ला लाइन्स ब्रदर्स बुडाल्यावर नुसतं हॉर्नबी राहिलं. म्हणजे खोक्यावर ट्रायँग-हॉर्नबी असं दोन्ही लिहिलेलं दिसलं तर माल साधारण त्या सहा-सात वर्षांतला आणि रूळ बहुतेक पोलादाचे, हे धरूनच चाला. फोटो बघून सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याला चुंबक लावून दाखवायला सांगा, चांगला माणूस असेल तर दाखवतो.

तर रबर. पेको ही इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या बिअर नावाच्या गावची कंपनी, १९४६ पासूनची, मुख्य धंदा मॉडेल रेल्वेचे रूळच. त्यांचा हा रबर पीएल-४१ या नंबराने मिळतो. भाचा इंग्लंडात रीडिंगला असतो, तो दिवाळीआधी येणार होता म्हणून त्याच्याकडून मागवला, दोन आणायला सांगितले ते बरं झालं. दिसायला काही विशेष नाही, मुठीत मावेल एवढा चौकोनी ठोकळा. शाळेत शाई खोडायचा रबर असायचा, जोर लावला की वहीला भोक पडायचं, तो आठवतोय का? हात लावला की तसंच खरखरीत लागतं, फक्त हा जास्त घट्ट आहे आणि कडा पटकन झिजत नाहीत. रबरात घासणारे बारीक कण मिसळलेले असतात, बस, एवढीच त्याची करामत. केमिकल नाही, वास नाही, हात खराब होत नाहीत.

वापरायची पद्धत अशी. रुळाचा तुकडा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचा, एका हाताने धरायचा आणि रबर रुळाच्या लांबीतच फिरवायचा, आडवा कधीच नाही. आडवा फिरवला की आडवे ओरखडे पडतात आणि त्यात मळ भरतो. जोर फार नको. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत नुसती तपकिरी धूळ निघते, मग रबराच्या खालच्या बाजूला काळा चकचकीत पट्टा दिसायला लागतो, आणि मग एका क्षणी हाताला फरक कळतो, आधी खरखर लागत असते ती जाते आणि रबर सरकायला लागतो. तिथे थांबायचं. मी पहिल्या दिवशी थांबले नाही, चांदीसारखं चमकेपर्यंत घासत बसले, आणि भिंग लावून बघितलं तर रुळाच्या माथ्यावर केसासारखे बारीक ओरखडे. दोन आठवड्यांनी त्याच तुकड्यांवर मळ सगळ्यात आधी परत जमला. तेव्हापासून माझा नियम, घासणं कमी आणि पुसणं जास्त. रबर एकदाच, जुना गंज आणि जुनं कीट काढायला. नंतरची रोजची निगा फडक्याने.

हलका गंज असेल तिथे या रबराला तोड नाही. ४६ पैकी साधारण तीस तुकडे नुसत्या रबराने स्वच्छ झाले, एका तुकड्याला तीन-चार मिनिटं. एक रबर एवढं काम करून अर्धासुद्धा संपलेला नाही. जिथे गंजाने खड्डे पाडलेत तिथे मात्र रबर वरवरचं काढतो, खड्ड्यातला गंज तिथेच राहतो, आणि तो कुठलाच रबर काढू शकणार नाही. असे नऊ तुकडे निघाले, ते मी बाजूला काढले, गाडी फिरते त्या मुख्य वाटेवर ते वापरत नाही, साइडिंगला, म्हणजे गाडी नुसती उभी करायच्या बाजूच्या वाटेला, लावते. सांध्यांच्या आत, जिथे दोन रूळ एकमेकांना कापतात त्या अरुंद फटीत रबर जात नाही. त्यासाठी मी रबराचा एक कोपरा कटरने पाचरीसारखा तासून घेतला, निम्मं काम झालं, उरलेलं आइस्क्रीमच्या काडीला सुती कापड गुंडाळून केलं.

रबराची पूड. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. रबर फिरवला की बारीक चुरा पडतो, गंजाची पूड, रबराचे कण, सगळं एकत्र. हे रुळावर तसंच राहिलं तर इंजिनाच्या चाकांत जातं, तिथून गिअरमध्ये. म्हणून रबर फिरवून झाला की आधी मऊ ब्रशने झाडायचं, मग फडक्याने पुसायचं आणि मगच पुढचा तुकडा हातात घ्यायचा. टेबलावर जोडलेल्या रुळांवर रबर फिरवायचा असेल तर छोटा व्हॅक्यूम क्लीनर जवळ ठेवा.

आणि एक हात जोडून सांगते, तारेची घासणी किंवा स्टील वुल रुळांना लावू नका. भांड्यांना चालतं म्हणून इथे चालेल असं वाटतं, मलाही वाटलं होतं. त्या तारांचे तुकडे तुटतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो तो ते ओढून घेतो. ट्रायँगच्या काही इंजिनांत तर रुळाला नीट धरून राहावं म्हणून खाली वेगळा चुंबक बसवलेला असायचा, मॅग्नाधीजन म्हणायचे त्याला. तो पोलादी रुळांवरच चालतो, आणि तारेचा कण सापडला की सोडत नाही.

एवढं सगळं करून, ऑक्टोबरच्या शेवटी, तीस तुकडे चकचकीत करून मी पहिल्यांदा गोल मांडला. कंट्रोलर, म्हणजे रुळांना करंट देणारा आणि वेग कमी-जास्त करणारा डबा, लावला. जिंटी तीन फूट गेली आणि थांबली. हाताने ढकलली की जाते, परत थांबते. सगळ्यात लांबच्या टोकाला तर दिवासुद्धा धड पेटेना. मला इतकं वाईट वाटलं, पाठ मोडून घासलेलं सगळं. मग डोकं शांत करून मल्टिमीटर काढला, मी पूर्वी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये होते, हे आधीच सुचायला हवं होतं. कंट्रोलरपाशी एक टोक आणि गोलाच्या पलीकडच्या बाजूला त्याच रुळावर दुसरं, तर रेझिस्टन्स नऊ ओहम. हे जुनं मोटरचं इंजिन अर्धा अँपिअर सहज खातं. म्हणजे बारा व्होल्टपैकी साडेचार व्होल्ट वाटेतच गेले. आणि ते कुठे गेले? रुळाच्या माथ्यावर नाही, माथा तर आरशासारखा होता. ते गेले फिशप्लेटांमध्ये. दोन रूळ जोडणारी ती छोटी पत्र्याची पट्टी, रुळाच्या पायाला खालून धरून बसते, तिच्या आत गंज तसाच होता. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, तो करंट जाऊ देत नाही, आणि शिवाय फुगतो, त्यामुळे पट्टी बाहेरून घट्ट बसलेली दिसते पण आत धातूला धातू लागतच नाही. बाहेरून बघून हे कळायला काहीच मार्ग नाही.

मग फिशप्लेटांचं काम काढलं आणि खरं सांगू, सगळ्या उद्योगात मला हेच सगळ्यात आवडलं. चिमट्याने एकेक फिशप्लेट हळूच सरकवून काढायची, कुठली कुठल्या तुकड्याची ते कागदावर लिहून ठेवायचं, आणि काचेच्या वाटीत साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची. स्वयंपाकघरातलंच व्हिनेगर, वेगळं काही नको. अर्ध्या तासात बारीक बुडबुडे यायला लागतात, सकाळी व्हिनेगर चहासारखं झालेलं असतं आणि फिशप्लेटेवर काळी साय, ती जुन्या टूथब्रशने घासली की खालून राखाडी पोलाद निघतं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात एकदा बुडवायची म्हणजे ॲसिड मरतं, साध्या पाण्याने धुवायची आणि लगेच, म्हणजे अगदी लगेच, हेअर ड्रायरने वाळवायची. पहिल्या खेपेला मी धुऊन फडक्यावर पसरल्या आणि फोन आला म्हणून उठले, पंधरा-वीस मिनिटांनी येऊन बघते तर सगळ्यांवर केशरी झाक, ताजा गंज. उघडं पडलेलं पोलाद ओलं राहिलं की असंच होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या परत वाटीत. तुमची हवा ठाण्या-मुंबईसारखी दमट असेल तर ड्रायर हाताशी घेऊनच बसा.

वाळल्यावर पकडीने फिशप्लेटेच्या कडा किंचित दाबल्या, अगदी किंचित, म्हणजे रूळ आत सरकवताना थोडा जोर लागला पाहिजे. रुळाची जी टोकं फिशप्लेटेत जातात तीसुद्धा खालून आणि बाजूने, तिथे रबर पोचत नाही म्हणून हजार नंबरच्या वॉटर पेपरच्या बारीक पट्टीने साफ केली. पॉलिश पेपर मी फक्त इथेच वापरला, कारण इथे चाक फिरत नाही. परत गोल मांडला, मीटर लावला, एक ओहमच्या आत. जिंटी सुटली ती थांबलीच नाही.

आता सगळ्यात वाईट अनुभव, म्हणजे तुमचं नुकसान होऊ नये. त्या जास्त गंजलेल्या तुकड्यांसाठी मी ऑनलाइन एक गंज काढायचं जेल मागवलं होतं, ब्रँड सांगत नाही, बाटलीवर गाडीच्या सायलेन्सरचं आणि गेटचं चित्र होतं. बाटलीवर लिहिलं होतं तसं लावलं आणि ठेवलं. गंज गेला, खरंच गेला, पण रूळ काळा कुळकुळीत झाला आणि त्यावर करंटच जाईना. नंतर मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचली तर फॉस्फोरिक ॲसिड. हे ॲसिड गंजाचं फॉस्फेट करून टाकतं आणि तो काळा थर पृष्ठभागावर ठेवतं, गेटला पुढे रंग द्यायचा असतो म्हणून तो थर तिथे चांगलाच, पण आपल्याला रुळातून करंट न्यायचाय. वर एका तुकड्याचे प्लॅस्टिकचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, त्याही पांढरट पडल्या ते वेगळंच. तेव्हा रस्ट कन्व्हर्टर असं लिहिलेलं काहीही रुळांना लावू नका, मग ते कितीही चांगल्या कंपनीचं असो, त्याचं काम वेगळं आहे. लिंबूसत्त्वाबद्दल पण विचारतात, ते व्हिनेगरसारखंच काम करतं, सुट्या धातूच्या भागांना चालेल, पण स्लीपरसकट अख्खा तुकडा बुडवू नका, खिळ्यांसारख्या त्या बारीक पकडींच्या आत ओल राहते आणि महिन्याभराने तिथूनच गंज परत बाहेर येतो.

पितळेचे रूळ असतील त्यांच्यासाठी एक ओळ, माझ्या मैत्रिणीकडे जुने पितळी रूळ आहेत त्यावर आम्ही दोघींनी बसून केलं. रबर उत्तम चालतो, पोलादापेक्षा कितीतरी लवकर. चिंचेने घासायचा मोह होतो, देवाची भांडी निघतात तशी हीही निघतील वाटतं, आणि निघतातही, पण चिंचेचा चोथा स्लीपरच्या सगळ्या खाचांत बसतो तो काढता काढता संध्याकाळ झाली. रबरच बरा.

घासून झाल्यावर पुसायला काय, यावर जगभर वाद चालू आहेत. मी तीन गोष्टी वापरल्या. सुरुवातीला घरात होतं म्हणून सॅनिटायझर, ते करूच नका, हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं आणि रुळावर चिकट पापुद्रा राहतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, कोरोनानंतर हे सहज मिळायला लागलंय. मळ पटकन सुटतो, उडून जातं, वास सहन होण्यासारखा. मग रंगाच्या दुकानातलं एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, फडक्याला दोन थेंब. याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात त्यामुळे काळं कीट तयार होतं, आणि अल्कोहोलसारख्या पोलर द्रवाने पुसलं तर ते परत लवकर जमतं, रॉकेल किंवा टर्पेंटाइनसारख्या नॉन-पोलरने पुसलं तर उशिरा. मी गोलाचा अर्धा भाग एकाने आणि अर्धा दुसऱ्याने पुसून सहा आठवडे गाडी चालवली. एमटीओचा अर्धा पांढऱ्या फडक्यावर कमी काळा निघाला, फरक आहे, डोळ्याला दिसतो एवढा आहे. पण वास घरात दिवसभर राहतो, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, जवळ गॅस किंवा उदबत्ती अजिबात नको, आणि प्लॅस्टिकवर सांडू द्यायचं नाही. लहान मुलं असतील तर अल्कोहोलवरच थांबा, तेसुद्धा पेट घेतं हे लक्षात ठेवून. पेंटवाल्याचं थिनर तर कधीच नको, स्लीपर वितळतील.

पोलादी रुळांना शेवटचा हात तेलाचा. शिलाई मशीनचं तेल, कपड्यावर एक थेंब, तेवढ्यात पाच तुकडे. लावायचं आणि कोरड्या फडक्याने असं पुसायचं की बोट फिरवलं तर तेल लागू नये. तेल जास्त झालं तर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं आणि धूळ चिकटते ती वेगळीच. हे केल्यापासून ठाण्याच्या हवेत नवा गंज आलेला नाही, अर्थात खरी परीक्षा जूनमध्ये. सांध्यांच्या पात्यांना तेलाऐवजी ६बी पेन्सिल फिरवली, ग्रॅफाइट करंट जाऊ देतं आणि पातं सरकायलाही मदत होते. पेन्सिल हलक्या हाताने, एकदाच.

चाकं विसरू नका. रूळ स्वच्छ आणि चाकं कळकट असं असलं तर दोन फेऱ्यांत रूळ परत काळे. किचन टॉवेलची घडी अल्कोहोलने ओली करून रुळावर आडवी टाकायची, इंजिनाची अर्धी चाकं रुळावर आणि अर्धी त्या घडीवर असं धरायचं आणि कंट्रोलर हळूच फिरवायचा, कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटायच्या थांबेपर्यंत जागा बदलत राहायची. वाघिणींची प्लॅस्टिकची चाकं सगळ्यात घाण, त्यांच्यावरचा थर मी नखाने आणि आइस्क्रीमच्या काडीने खरवडून काढला, अक्षरशः काळ्या मेणाच्या चकत्या निघाल्या. हा थर पन्नास वर्षांपूर्वीच्या आमच्या जेवणाच्या टेबलावरचा असणार, काढताना मला ते सारखं मनात येत होतं.

आता हिशोब. रबर भाच्याने आणला म्हणून स्वस्त पडला, इथून मागवला तर कुरियर धरून दुप्पट-तिप्पट पडतो, आणि माझं मत विचाराल तर तरीही घेण्यासारखा आहे, कारण एक रबर घरगुती सेटला वर्षानुवर्षं पुरेल. अगदीच मिळत नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातला शाईचा रबर वापरून बघा, पितळ आणि जर्मन सिल्व्हरवरचा मळ त्याने निघतो, मी करून बघितलंय, पोलादावरच्या गंजाला मात्र तो पुरा पडत नाही. पाचपैकी साडेचार देते. अर्धा कमी केला तो पाकिटात वापराची चार ओळींची तरी चिठ्ठी असायला हवी होती म्हणून, लांबीत फिरवा आणि पूड पुसा एवढं जरी लिहिलं तरी नवख्या माणसाचे रूळ वाचतील.

नवीन रूळच का घेत नाही असं घरच्यांनीही विचारलं. घेता येतात, जर्मन सिल्व्हरचे, सुंदर मिळतात. पण मग त्या मॅग्नाधीजनच्या चुंबकांना धरायला काही उरत नाही, जुन्या इंजिनांची जाड कडांची चाकं आजच्या बारीक रुळांवर आणि सांध्यांवर अडखळतात, आणि हे रूळ मी जोडलेले आहेत. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं, मुलांना घेऊन दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा बाकीचे सिग्नल आणि सर्कस बघत होते तेव्हा मी रुळांचे जोड बघत उभी होते. गाडी बघताना माझी नजर तिथेच जाते, लहानपणचं काम ते.

डिसेंबरात अण्णाकाका आले होते आठ दिवस. वय ८८, हात थरथरतात, दिसतंही कमी. कंट्रोलर त्यांच्या हातात दिला तर त्यांनी आधी गाडी चालवलीच नाही, वाकून एका जोडावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा बसलाय की नाही बघ गं नीट." खरंच बसला नव्हता, मिलिमीटरभर फट होती. मी तो सरकवला आणि मग त्यांनी गाडी सोडली, तासभर फिरवत होते, मधे चहा गार झाला.

चारपैकी एक सांधा अजून अडलाय, त्याची स्प्रिंग गंजून तुटलीय, ती बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवायचा प्रयत्न चालू आहे, जमलं तर खाली लिहीन. आणि सहा फिशप्लेटा व्हिनेगरमधून काढल्यावर पत्र्याला भोकंच पडलेली निघाली, त्या गेल्या. आजच्या फिशप्लेटा सुपर फोरच्या जाड रुळाला बसत नाहीत, त्यामुळे कोणाकडे जुन्या पडून असतील, गंजलेल्या असल्या तरी चालतील, तर प्लीज टाकू नका, मला कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन.